डोके बाई आणि नळीचे पेच

कुठलीही नळी दिसली की डोके बाई ती उचलायच्या, एक डोळा मिटायच्या, दुसरा नळीला लावायच्या आणि उजेडाकडे तोंड करून आत बघत राहायच्या. नळी कशाची आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. प्रयोगशाळेतली काचेची असो, ठिबकची असो, नाहीतर गुंडाळून ठेवलेलं कॅलेंडर असो. आमच्या प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात सनईवाले जेवायला बसले होते. त्यांनी बाजूला ठेवलेली सनई बाईंनी उचलली, मांडवाच्या दाराशी जाऊन आतून न्याहाळली आणि परत जागेवर ठेवत म्हणाल्या, "आतून खरबरीत आहे. पण वाऱ्याला चालतं. शिशाला चाललं नसतं." सनईवाल्यांचा घास हातातच राहिला. आम्ही सहकारी मात्र शांतपणे जेवत होतो, कारण आम्हाला सवय झाली होती.

रत्नमाला डोके संगमनेरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. मी रसायनशास्त्रात. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायचे आणि त्या मला अगं-तुगं करायच्या. मूळच्या जामखेडकडच्या. वर्गात त्यांचं मराठी अगदी पुस्तकी असायचं, पण राग आला किंवा आनंद झाला की जामखेड वर यायचं. त्यामुळे त्यांचा मूड ओळखायला चेहरा बघावा लागत नसे. बाई 'आहे' म्हणाल्या तर ठीक, 'हाय' म्हणाल्या तर सावध व्हायचं.

कॉलेजात एनसीसीच्या मुली त्यांच्याकडे होत्या आणि त्यातूनच त्यांना रायफलचा नाद लागला होता. नाद हा शब्दही कमीच. गावाबाहेर एक बंद पडलेली खडीची खाण होती. तिच्या उंच कड्याला पाठ करून त्यांनी आणि काही हौशी लोकांनी नेमबाजीचा छोटा क्लब उभा केला होता. दोन डॉक्टर, एक कापड दुकानदार, लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि बऱ्याचशा मुली. डोके बाई म्हणजे या क्लबचं डोकंही आणि डोळाही.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये शिरले, तर खिडकीपाशी एक उंच, सडसडीत बाई हातात लोखंडी नळी घेऊन उभी. मी दारातच थबकले.

"घाबरू नको, निकामी केलेली आहे. शिकवायला ठेवली आहे. ये, बघ."

मी डोळा लावला. आत चकचकीत उजेड होता आणि त्या उजेडातून बारीक रेघा गोल गोल वळत पार दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या होत्या. एखाद्या विहिरीच्या भिंतीवरून वेल चढत जावी तशा.

"काय दिसतंय?"

"वळत गेलेल्या रेघा."

"रेघा नव्हेत, खाचा. त्यांना पेच म्हणतात. गोळी मऊ शिशाची असते आणि नळीपेक्षा केसभर जाड. आत घुसली की ती या खाचांत रुतते. खाचा वळतात म्हणून तीही वळते. बाहेर पडते ती भोवऱ्यासारखी फिरत. फिरणारा भोवरा उभा राहतो, थांबलेला आडवा पडतो. गोळीचंही तसंच. फिरली तर नाकासमोर जाते, न फिरली तर कोलांट्या खाते." एवढं बोलून त्यांनी नळी माझ्या हातातून काढून घेतली. "पेच असल्याशिवाय सरळ जाता येत नाही, हे ध्यानात ठेव."

मी नुकतीच लग्न होऊन संगमनेरला आले होते. हे वाक्य गोळीबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते मला कळलं नाही. पण महिनाभरात मी क्लबची चिटणीस झाले. माझं अक्षर चांगलं आहे, एवढंच कारण त्यांनी दिलं.

क्लबकडे एक परदेशी बनावटीची पॉइंट टू टू रायफल होती. जुनी, पण नळी फार उत्तम. बाई नव्या मुलींना सांगायच्या, "पेच किती फेरे घेतो ते महत्त्वाचं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतलं काम किती गुळगुळीत झालंय. खरबरीत नळीत शिसं चिकटतं, आणि चिकटलेल्या शिशावरून पुढची गोळी घसरते. ही नळी ज्यानं घासली ना, त्याला देवानं वेळ भरपूर दिला असणार." हे सांगताना त्या नळीवरून असा हात फिरवायच्या की बघणाऱ्याला संकोच वाटावा.

त्या नळीची स्वच्छता हे त्यांचं व्रत होतं. सराव संपला की रायफल स्टँडवर उभी करायची, तोंड वर. मग स्टीलची जोडाजोडीची सळई, तिच्या टोकाला चिंधी, आणि वरून खाली, वरून खाली. मागची खिटी, म्हणजे बोल्ट, काढून मागच्या बाजूने साफ करायला वेळ लागतो, पुढून झटपट होतं. बाईंना सगळंच झटपट लागायचं. आम्ही बाकीचे डबे उघडून चटणी-भाकरी खात असायचो आणि बाई घासत असायच्या. दुकानदार एकदा म्हणाले, "मॅडम, दातसुद्धा इतके घासत नाही कुणी." बाई म्हणाल्या, "दात पडले तर नवे बसवता येतात."

नेमबाजांच्या तक्रारींना त्यांच्याकडे थारा नव्हता. गोळी बाहेर गेली की प्रत्येकाला बंदुकीतच खोट दिसते. असं कुणी म्हटलं, की बाई त्याला उठवायच्या, स्वतः चटईवर पालथ्या पडायच्या, एक गोळी बरोबर मधोमध लावायच्या आणि रायफल परत द्यायच्या. "बंदूक खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतो. आता बोल."

पूनम क्लबात आली ती दूध संघातून. देवळाली प्रवराची मुलगी, ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरची. संगमनेरच्या एका डेअरीत दूध तपासणीच्या कामाला लागली होती आणि मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. दिवसभर पिपेटने दूध मोजून मोजून तिचा हात असा स्थिर झाला होता की बाईंनी तिला पहिल्यांदा रायफल धरताना पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "ही माझी." वर्षभरात पूनमच्या गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. पण चटईवर पडली की तिच्या चेहऱ्यावर एक स्वस्थपणा यायचा, आणि तो बघायला आम्ही सगळे मुद्दाम थांबायचो.

त्या वर्षी राज्य संघाच्या निवडीसाठी तिला पुण्याला पाठवायचं ठरलं. पावसाळा सरला, सराव जोरात सुरू झाला आणि पूनम बिघडली. नाण्याखाली मावणारी भोकं आता वाटीखालीही मावेनात. एक गोळी मध्ये, दुसरी डावीकडे वर, तिसरी आणखी भलतीकडे.

नेमका त्याच वर्षी बाईंचा खांदा आखडला होता. हमरस्त्यावर स्कूटर घसरली होती, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यामुळे चटईवर पडून मधोमध गोळी लावून दाखवण्याचा त्यांचा कार्यक्रम बंद होता. दोन्ही डॉक्टरांच्याही गोळ्या पसरत होत्या, पण डॉक्टरांच्या गोळ्या पहिल्यापासूनच पसरत असल्यामुळे तो पुरावा कुणी धरला नाही. सुभेदारांनी तर तेव्हा क्लबात येणं कमी केलं होतं, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होते.

बाईंनी सगळा मोर्चा पूनमवर वळवला. श्वास चुकतोय म्हणाल्या. बोट झटका देतंय म्हणाल्या. झोप होत नाही का, जेवतेस का, कुणाच्या प्रेमात पडलीस का, हेही विचारून झालं. पूनम प्रत्येक गोष्ट ऐकायची, मान हलवायची आणि तसं करून बघायची. भोकं पसरतच राहिली.

एका रविवारी सकाळी ती चटईवरून उठून बसली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "मॅडम, गोळी सुटते तेव्हा कागदावरचा ठिपका नेमात जागेवर असतोय. मला दिसतोय."

"मग गोळी काय वाटेत पत्ता विचारत जाते?"

"तसं न्हाई..."

"तसंच. ठिपका हलतोय आणि तुला तो हललेला कळत न्हाई. घाबरलीस तू. पुण्याचं नाव काढल्यापासून घाबरलीस. तसं सांग ना, नळीला कशाला बदनाम करतीस?"

पूनमने नळीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. हे मी मनात म्हणाले, तोंडाने नाही, कारण बाईंचं जामखेड वर आलं होतं. पूनम उभी राहिली. नेमबाजीचं जाड जाकीट अंगातून काढलं, नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "ताई, पुण्याला दुसऱ्या कुणाला पाठवा. माझ्यापायी जागा वाया नको जायला." मग आपली सायकल घेऊन ती खाणीच्या उतारावरून निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

बाई वरवर म्हणत राहिल्या, "येईल. कुठं जाते?" पण त्यांचं सरावात लक्ष नव्हतं. चटणी-भाकरीचा डबा न उघडताच परत नेऊ लागल्या.

दिवाळी तोंडावर आली. कॉलेजला सुट्टी लागली होती आणि मी घरी शेव पाडत बसले होते. बाई दुपारच्या आल्या. त्यांना तिखट शेव गरम गरम, कढईतून निघाली की लगेच लागायची, आणि दर दिवाळीला त्या वासावर आल्यासारख्या बरोबर हजर व्हायच्या. मी त्यांना ताटली दिली आणि सोऱ्या फिरवत राहिले. त्या वर्षी माझा सोऱ्या त्रास देत होता. धुताना हातातून निसटून फरशीवर आपटला होता आणि तेव्हापासून काठाकडच्या एका छिद्रातून येणारी शेव सरळ न पडता वाकडी होऊन बाजूच्या शेवेला चिकटत होती.

"ही अशी का यायलीय?" बाईंनी विचारलं.

"चकतीला पोचा पडलाय. त्या छिद्राची कड एका बाजूला दबली आहे. पीठ तिथं अडतं आणि त्या अंगाला वळतं."

"पीठ तेच?"

"पीठ तेच. आतला दट्ट्याही तोच. बाहेर पडता पडता वाकडं होतं."

बाईंनी हातातली शेव ताटलीत ठेवली. बराच वेळ सोऱ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. मी म्हटलं, "अहो, थांबा, पुढचा घाणा निघतोय." त्या म्हणाल्या, "कापूस हाय का घरात?" मी पूजेच्या वातींसाठी आणलेला कापूस दिला. तो मुठीत घेऊन त्या गेल्या. शेव तशीच राहिली. बाईंनी माझ्याकडची शेव टाकून जाणं हे त्यांच्या खांद्याच्या दुखण्यापेक्षा गंभीर होतं, म्हणून मी गॅस बंद केला, सासूबाईंना सांगितलं आणि त्यांच्यामागोमाग खाणीवर गेले.

क्लबच्या खोलीत बाईंनी रायफल टेबलावर आडवी ठेवली होती. बोल्ट काढून बाजूला ठेवला होता. कापसाचा छोटा बोळा त्या नळीच्या तोंडाच्या कडेवरून हळू हळू आतून बाहेर ओढत होत्या. एका बाजूला कापूस सुळकन निसटायचा. दुसऱ्या बाजूला आणला की त्याचे दोन-चार तंतू कडेला अडकून मागे राहायचे. त्यांनी तेच पुन्हा केलं. तंतू पुन्हा तिथेच राहिले.

"सळई," त्या म्हणाल्या. "पुढून घालत होते ना मी, वरून. दरवेळी याच अंगाला घासत होती. उजव्या हातानं घासते म्हणून एकाच अंगाला, आणि खांदा आखडल्यापासून तर आणखीच तिरकी." मग म्हणाल्या, "आतले पेच आरशासारखे ठेवले आणि दार मोडून ठेवलं."

मला नीट कळलं नाही असं पाहून त्यांनी समजावून सांगितलं, पण या वेळी आवाजात शिकवणं नव्हतं. गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्या मागे धूर आणि दाब असतो. तोंडाची कड चहूबाजूंनी सारखी असेल तर तो दाब गोळीच्या सगळ्या बाजूंनी एकदमच सुटतो. कड एका ठिकाणी झिजली असेल तर तिथून आधी सुटतो आणि जाता जाता गोळीच्या बुडाला धक्का देतो. आत पेच कितीही चांगले असले तरी गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श होतो तो त्या कडेचा. "आणि ती कड मी खाल्ली," बाई म्हणाल्या. "दर रविवारी, थोडी थोडी."

मी म्हटलं, "बाई, मुद्दाम थोडीच केलंत."

"मुद्दाम तर कुणीच करत न्हाई. चल."

"कुठं?"

"डेअरीत."

मला वाटलं होतं त्या पूनमला बाहेर बोलावतील आणि काहीतरी बोलून मोकळ्या होतील. तसं झालं नाही. दिवाळीचं दूध जास्त, तपासणीच्या खोलीत चांगलीच गर्दी होती. गाववाले आपापल्या संकलन केंद्राच्या किटल्या घेऊन उभे, पूनम आणि तिच्या दोन सहकारी पांढऱ्या कोटात, आणि त्यांचा साहेब. बाई सरळ आत गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पूनम, तुझं बरोबर होतं. ठिपका जागेवर होता. बंदुकीचं तोंड बिघडलं होतं आणि ते मी बिघडवलं. तुला मी घाबरट म्हणाले, नको ते विचारलं, ते सगळं चूक होतं. माझं चुकलं."

एक म्हातारा दूधवाला किटली हातात घेऊन म्हणाला, "काय झालं, बाई? फॅट कमी लागली का?"

पूनम हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. तिने पिपेट ठेवली, कोटाला हात पुसले आणि बाईंना म्हणाली, "मॅडम, खांदा दुखतोय ना तुमचा? बसा की." स्टूल ओढून दिलं. बाई बसल्या. साहेबांनी चहा सांगितला. बाईंनी चहा घेतला आणि मग त्या म्हाताऱ्याला नळीची कड, दाब आणि धक्का हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्याने शेवटी मान डोलावली. "म्हंजी गाईच्या सडावानी. सडाला जखम असली का धार वाकडी जाती." बाईंना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं त्या वर्गात हे उदाहरण देत, पण म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहिलं याची त्यांना रुखरुख होती.

नळीचं तोंड दुरुस्त करायला नगरला जावं लागलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण बाई शेवटपर्यंत नगरच म्हणत राहिल्या. तिथे बंदुका दुरुस्त करणारे एक परवानाधारक कारागीर होते, अतिशय बडबडे गृहस्थ. कागदपत्रं तपासली, नळीचं तोंड भिंगाखाली धरलं आणि तासभर आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या आणि एका वाघाच्या गोष्टी सांगितल्या. मग विचारलं, "साफसफाई कोण करतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"शिकला असाल की कुठंतरी."

"एम.एस्सी. फिजिक्स," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. त्या हसल्या म्हणून कारागीरही हसले आणि मग वाघाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्यांनी झिजलेलं टोक अगदी थोडं उतरवून कड नव्याने गोल केली. काम चोख केलं. परत आल्यावरच्या रविवारी खाणीवर सगळा क्लब जमला, सुभेदारसुद्धा लग्नाची गडबड सोडून आले. बाईंनी पूनमला सांगितलं, "बस, काही सिद्ध करायचं नाही. फक्त नळी कशी आहे ते बघायचं." पूनम चटईवर पडली. एकामागून एक गोळ्या गेल्या. कागद आणायला बाई स्वतः गेल्या. कड्याच्या पायथ्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि लवकर वळल्याच नाहीत. परत आल्या तेव्हा कागद पूनमच्या हातात दिला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "रुपया काढा." रुपया भोकांवर ठेवला तर सगळी झाकली गेली, फक्त एका भोकाची चंद्रकोर बाहेर राहिली. "ती चंद्रकोर तुझी," बाई पूनमला म्हणाल्या. "बाकीची पांगापांग माझी होती, ती गेली."

पुण्याला पूनमला पदक मिळालं नाही. पण राज्य संघात तिची निवड झाली, शेवटच्या जागेवर का होईना. बातमी फोनवर आली तेव्हा बाई वर्गात शिकवत होत्या. मी दारातून खूण केली. त्यांनी फळ्यावरचं समीकरण पूर्ण केलं, खडू ठेवला, मुलांना म्हणाल्या, "तास संपला," आणि तास संपायला अजून बराच वेळ होता.

या प्रकरणानंतर त्यांच्या बोलण्यात एक बदल झाला. 'बंदूक खोटं बोलत न्हाई' हे वाक्य बंद झालं. कुणी तक्रार केली की त्या म्हणायच्या, "आधी नळी बघू, मग माणूस." क्लबात नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी त्या तिला आपल्याच चुकीची गोष्ट सांगायच्या, हातवारे करून, सोऱ्या आणि कापूस आणि दूधवाला यांच्यासकट. दरवेळी ती गोष्ट थोडी लांबायची. एकदा मी म्हटलं, "बाई, हे सगळं प्रत्येकीला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या, "कुणाला तरी माझ्यासमोर तोंड उघडायला जमलं पाहिजे म्हणून. पूनमला जमलं न्हवतं. एवढं एकच वाक्य बोलली बिचारी, आन् तेही मी कापलं." हे त्या हसत म्हणाल्या.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर जामखेडला भावाकडे राहायला गेल्या. क्लब पूनमने हाती घेतला, अजून तीच चालवते. जामखेडला बाई स्वस्थ बसतील असं कुणालाच वाटत नव्हतं. भावाची कांदाचाळ वर्षातले बरेच महिने रिकामी असायची, लांबट आणि अरुंद. बाईंनी तिच्या एका टोकाला मातीच्या गोणी रचल्या, छऱ्याच्या दोन बंदुका आणल्या आणि गावातल्या मुली गोळा केल्या. भाऊ फोनवर मला म्हणाले, "ताईनं चाळीत कांदा ठेवायची सोय ठेवली न्हाई. पर पोरी लई खूश हायेत."

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. भावाचा फोन आला तेव्हा मी आणि पूनम बरोबरच निघालो. चाळीतल्या मुली अंगणात एका ओळीत बसल्या होत्या. कुणी त्यांना ओळीत बसायला सांगितलं नव्हतं.

मला मात्र आठवते ती त्याआधीची भेट. एसटीने जामखेडला गेले होते. बाई वाळल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, आणि उजवा हात थरथरू लागला होता. वहिनींनी चहा आणला तर म्हणाल्या, "अर्धाच भर गं. बाकीचा अर्धा मी सांडते." चहा झाल्यावर मला चाळीत घेऊन गेल्या. मुली आळीपाळीने छर्रे झाडत होत्या आणि बाई त्यांच्यामागे फिरत होत्या. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सुनंदा, तू इतकी वर्षं आमची चिटणीस. तुला एकदाही चटईवर पडलेलं मी बघितलं न्हाई."

"नाही पडले कधी."

"का?"

"कुणी म्हटलं नाही. आणि भीतीही वाटायची."

"कशाची?"

"चुकण्याची. तुमच्यासमोर."

बाईंनी एका मुलीच्या हातातली बंदूक घेतली आणि माझ्या हातात दिली. "चुकव मग. कागद स्वस्त हाय."

मुली बाजूला झाल्या. मी साडी सावरून उभी राहिले. बाई माझ्यामागे आल्या, खांदा नीट केला, कोपर आत घेतलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर थरथरत होता आणि मला वाटलं बंदूकही त्याबरोबर थरथरतेय.

"हाताकडं लक्ष देऊ नको," त्या म्हणाल्या. "तो थरथरायलाय तो माझा हाय. तुझा स्थिर हाय. श्वास सोड. सगळा नको, निम्मा. आता बोट."

छर्रा सुटला. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा फारच लहान होता. बाईंनी शेजारच्या स्टँडवरच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"लागला का?" मी विचारलं.

"कागदाला लागला."

"मध्ये?"

"कागदाला लागला म्हनलं ना," बाई म्हणाल्या आणि डबीतून छर्रा काढून थरथरत्या चिमटीत माझ्यापुढे धरला. "दुसरा भर."

मी दुसरा भरला.